आई-बाबांची शपथ आणि मुलांचं अमेरिकी नागरिकत्व

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. चौघांनाही १२ ऑगस्ट २०२१ रोजी ग्रीन कार्ड मिळालं. मुलगी २० फेब्रुवारी २०२७ ला १८ पूर्ण करेल, मुलगा ११ वर्षांचा आहे. दोघांचा जन्म पुण्याचा. मुलांच्या नागरिकत्वासाठी वेगळे अर्ज करायचे का? संगमनेरजवळ शेती असल्यामुळे माझे यजमान भारतीय पासपोर्ट सोडायला तयार नाहीत. मी तयार आहे, पण २०२३ मध्ये सासूबाईंच्या आजारपणात सात महिने भारतात होते. शिवाय माझ्या भावाची मुलगी १९ वर्षांची आहे, टेक्सासमध्ये एच-४ वर, म्हणजे वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. तिचं पुढे काय होईल?

उत्तर : आधी थेट सांगते, कारण तुमच्या हातात वेळ मोजका आहे. मुलांसाठी नागरिकत्वाचा अर्ज करायचा नसतो. १८ पूर्ण झाल्याशिवाय एन-४०० हा अर्ज करताच येत नाही. तुम्हा दोघांपैकी एकाने जरी मुलीच्या अठराव्या वाढदिवसाआधी नागरिकत्वाची शपथ घेतली, तर त्याच क्षणी दोन्ही मुलं कायद्याने अमेरिकी नागरिक होतात. वेगळी फी नाही, परीक्षा नाही, मुलाखत नाही. त्यामुळे तुमचा सगळा प्रश्न शपथेच्या तारखेचा आहे, आणि माझं स्पष्ट मत असं की अर्ज तुम्ही दोघांनीही करावा.

हे आपोआप कसं होतं, ते नीट समजून घ्या. अमेरिकी संसदेने २००० साली बाल नागरिकत्व कायदा केला आणि तो २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. त्यात चार गोष्टी लागतात. आई किंवा वडील यांपैकी एक जण अमेरिकी नागरिक हवा. मूल १८ च्या आतलं आणि अविवाहित हवं. मुलाकडे ग्रीन कार्ड हवं. आणि मूल अमेरिकेत, त्या नागरिक पालकाच्या ताब्यात राहत असलं पाहिजे. या चारही गोष्टी कोणत्या क्रमाने जुळल्या याला महत्त्व नाही. अठराव्या वाढदिवसाआधीच्या कुठल्याही एका दिवशी त्या एकत्र खऱ्या असल्या की झालं. वाढदिवसाच्या दिवशी जुळल्या तर उशीर झाला.

२००१ च्या आधी सर्वसाधारणपणे आई आणि वडील दोघांनीही नागरिकत्व घ्यावं लागायचं. त्या काळात आलेल्या मंडळींकडून ऐकलेला सल्ला अजून आपल्या लोकांत फिरत असतो. ‘दोघांचं झाल्याशिवाय मुलांचं होत नाही’ हे वाक्य मी आजही एडिसनमधल्या प्रत्येक माहिती सत्रात ऐकते. ते आता चूक आहे. आणखी मागे गेलात तर भारतीयांना नागरिकत्वाची दारंच बंद होती. १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘गोरे’ न मानता अपात्र ठरवलं, आणि १९४६ च्या कायद्याने ती बंदी उठली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्या निकालानंतर खुद्द पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा सरकारने प्रयत्न केला, पण ते लढले आणि त्यांनी ते टिकवलं. आज आपण जे सहज मिळतं म्हणून पुढच्या वर्षावर ढकलतो, त्यासाठी कुणी काय सोसलं हे आठवलं की ढकलणं मला पटत नाही.

आता तुमच्या तारखा. ग्रीन कार्डावर ‘रेसिडेंट सिन्स’ अशी तारीख छापलेली असते. पाच वर्षं तिथून मोजतात. चौघांच्या कार्डांवर खरंच एकच तारीख आहे ना, ते आजच बघा. बऱ्याच घरांत नवरा-बायकोच्या तारखांत काही महिन्यांचा फरक निघतो, आणि मग ज्याची तारीख आधीची त्याने आधी अर्ज करायचा असतो. तुमच्या हिशेबाने पाच वर्षं १२ ऑगस्ट २०२६ ला होतात. अर्ज ९० दिवस आधी, म्हणजे १४ मे २०२६ पासून, करता येतो. अगदी पहिल्याच दिवशी करू नका. एका दिवसाने जरी लवकर पडला तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि ऑनलाइन भरा. ऑनलाइन फी ७१० डॉलर आहे, कागदी अर्जाची ७६०. भरण्याआधी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर रक्कम एकदा तपासून घ्या.

मे महिन्यात अर्ज केला तरी शपथ पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच. म्हणजे तुमची खरी मुदत १२ ऑगस्ट २०२६ ते १९ फेब्रुवारी २०२७, जेमतेम सहा महिने. अर्ज केल्यापासून शपथेपर्यंत लागणारा वेळ कार्यालयागणिक बदलतो. मेच्या मध्यात अर्ज केला तर हे जमण्यासारखं आहे. ‘दिवाळीनंतर निवांत करू’ म्हणालात तर जवळजवळ नक्कीच हुकेल.

आणि मुलाखतीत उत्तीर्ण झालं म्हणजे नागरिक झालो, असं समजू नका. नागरिकत्व शपथेने मिळतं. काही कार्यालयांत मुलाखतीच्याच दिवशी शपथ होते, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे जातात. मुलाखतीला मुलीचा जन्मदाखला बरोबर न्या आणि अधिकाऱ्याला तिची तारीख स्वतःहून सांगा. शपथ लवकर व्हावी अशी लेखी विनंती करता येते. ती मान्य झालीच पाहिजे असं नाही, पण न मागता कुणी देणार नाही.

इथे एक अशी गोष्ट सांगते जी फॉर्मच्या सूचना वाचून लक्षात येत नाही. एन-४०० मध्ये नाव बदलून घ्यायची सोय आहे. आपल्याकडे तिचा मोह फार होतो. मधलं नाव गाळायचं असतं, आडनावाचं स्पेलिंग सुटसुटीत करायचं असतं. पण नाव बदलायचं तर शपथ न्यायाधीशासमोर घ्यावी लागते, इमिग्रेशन कार्यालयात चालत नाही. न्यायालयातला समारंभ कधी होईल ते तुमच्या हातात नसतं. तेव्हा मुलीची तारीख इतकी जवळ असताना त्या रकान्याला हात लावू नका. नाव नंतर राज्याच्या न्यायालयातून बदलता येतं. शिवाय पालकाच्या अर्जातून मुलांची नावं बदलत नाहीत, त्यामुळे तुमचं एक आणि मुलांचं दुसरं असा घोळ होतो तो वेगळाच.

तुमच्या सात महिन्यांबद्दल. सहा महिन्यांपेक्षा जास्त आणि एक वर्षापेक्षा कमी बाहेर राहिलात, तर सलग वास्तव्य तुटलं असं कायदा गृहीत धरतो. ते गृहीतक खोडून काढता येतं, मात्र पुरावा तुम्ही द्यायचा असतो. तुमची बाजू चांगली आहे : नवरा आणि मुलं इथेच होती, मुलं इथल्या शाळेत होती, घर इथे होतं, टॅक्स रिटर्न इथला निवासी म्हणून भरलात. नोकरी चालू होती किंवा रजा मंजूर होती तर त्याचं पत्र. भारतात नोकरी धरली नव्हती हेही महत्त्वाचं. सासूबाईंच्या रुग्णालयाची कागदपत्रं, डिस्चार्ज समरी, तुमचं मूळ परतीचं तिकीट आणि ते पुढे ढकलल्याची ईमेल, हे सगळं एका फाइलीत लावा. अशी प्रकरणं मंजूर झालेली मी पाहिली आहेत. तरी अधिकारी आणखी पुरावा मागू शकतो, त्यात दोन-तीन महिने सहज जातात, आणि तेवढेच तुमच्याकडे नाहीत. तुमच्या यजमानांची अशी लांबलेली फेरी नसेल, तर त्यांचा अर्ज तुमच्यापेक्षा सरळ आहे. म्हणूनच दोघांनी करा म्हणते.

आता शेती. हा मुद्दा दर दोन-तीन कुटुंबांमागे एकात निघतो, आणि त्यात भीती मोठी, माहिती थोडी अशी स्थिती असते. परकीय नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं, हे खरं. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, घ्यायचं. ओसीआयधारकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही खरं. पण परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती विकत घेता येत नाही! म्हणजे तुमच्या यजमानांवर हे बंधन आज, हातात भारतीय पासपोर्ट असतानाही आहेच. भारतात राहत असताना घेतलेली किंवा वारसाने आलेली जमीन ओसीआय झाल्यावरही त्यांच्याकडे राहू शकते, पुढे वारसाने येऊही शकते. विकायची असेल तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, आणि तेही आजच्यासारखंच. जाईल तो मतदानाचा हक्क, आणि त्याचं वाईट वाटणं मी समजू शकते. त्यांना एवढं सांगा की शपथेआधी संगमनेरच्या वकिलाकडून फेरफार आणि सातबारा तपासून घ्या, वारसनोंद राहिली असेल तर ती लावून घ्या. इतकं करूनही त्यांचं मन तयार झालं नाही, तर तो त्यांचा अधिकार आहे. मग तुमचा एकटीचा अर्ज पुरावे भरभक्कम लावून पाठवा. मुलांच्या दृष्टीने कायद्याला एकच पालक पुरतो.

अर्ज केल्यापासून शपथेपर्यंत लांबचा प्रवास टाळा. मुलाखतीची तारीख बदलून मागितली की रांगेत कितीतरी मागे जाता. डिसेंबरात कुणाचं लग्न असेल तर आहेर पाठवा, स्वतः जाऊ नका.

मुलीच्या बाबतीत आणखी एक. ‘अमेरिकेत पालकाच्या ताब्यात राहणं’ ही अट काही कुटुंबं नकळत मोडतात. मूल बारावीसाठी, नीटच्या तयारीसाठी आजी-आजोबांकडे पुण्यात ठेवलेलं असतं, आणि इकडे आई शपथ घेते. ते मूल त्या दिवशी अमेरिकेत राहत होतं असं म्हणता येत नाही, त्यामुळे नागरिकत्व मिळत नाही. उलट त्याचं ग्रीन कार्डही धोक्यात येतं. सुट्टीत चार आठवडे जाऊन येणं वेगळं आणि तिथे राहायला असणं वेगळं. ज्यांचा घटस्फोट झाला आहे त्यांनी ताब्याचा न्यायालयीन आदेश जपावा. संयुक्त ताबा असला तरी चालतं. सावत्र वडील नागरिक असून उपयोग नाही, त्यांनी मूल कायद्याने दत्तक घेतलेलं नसेल तर आईच्याच शपथेची वाट पाहावी लागते.

समजा तुमची शपथ १९ फेब्रुवारीपर्यंत झाली नाही. मुलाचं काहीच बिघडत नाही, त्याला बरीच वर्षं आहेत. मुलगी मात्र २० फेब्रुवारी २०२७ पासून स्वतःचा एन-४०० भरेल. तिची पाच वर्षंही झालेली असतील, त्यामुळे ती लगेच पात्र आहे. फी, बोटांचे ठसे, इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा सगळं तिला. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवी परीक्षा आहे : १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. इथल्या हायस्कूलमधल्या मुलीला ते अवघड नाही. मला काळजी मधल्या काळाची वाटते. न्यू जर्सीत २१ वर्षांवरच्यांना गांजा राज्याच्या कायद्याने चालतो, पण केंद्रीय कायद्यात तो अजून गुन्हाच आहे, आणि इमिग्रेशन केंद्रीय कायद्यावर चालतं. कॉलेजमध्ये मित्रांबरोबर घडलेली एखादी गोष्ट नागरिक मुलाला दंडावर सुटते, ग्रीन कार्डवाल्या मुलाचा नागरिकत्वाचा अर्ज अडकवते, आणि अमली पदार्थांचं गंभीर प्रकरण असेल तर हद्दपारीपर्यंत जाते. आई-वडिलांनी हे मुलांशी मोकळेपणाने बोलावं. बहुतेक घरांत हा विषय निघतच नाही.

शपथ झाली, मुलं नागरिक झाली. पण त्यांच्या हातात काहीच कागद नसतो, कारण कुणी काही देत नाही. तो तुम्ही मिळवायचा. दोन वाटा आहेत. पहिली अमेरिकी पासपोर्ट. तुमच्या नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र, मुलाचं ग्रीन कार्ड आणि जन्मदाखला घेऊन पोस्ट ऑफिसात अपॉइंटमेंट घ्या. मुलगा १६ च्या आतला आहे, म्हणून तुम्ही दोघांनी बरोबर जायचं. त्याचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळेल, मुलीचा दहा वर्षांचा. दुसरी वाट एन-६०० भरून नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घेण्याची. त्याची फी ऑनलाइन १,३३५ डॉलर, म्हणजे खिशाला चाट आहे. आधी पासपोर्ट काढा. पण परवडेल तेव्हा प्रमाणपत्रही घ्या असं मी सांगते. पासपोर्टची मुदत संपते, हरवतो, आणि पासपोर्ट देणाऱ्या खात्याची नोंद इमिग्रेशन खात्याच्या नोंदीत आपोआप जात नाही. तिथे मूल ग्रीन कार्डधारकच दिसत राहतं. तीस वर्षांनी आई-बाबांचं प्रमाणपत्र शोधत बसण्यापेक्षा मुलाच्या नावाचा स्वतंत्र कागद असलेला बरा. एन-६०० ला वयाची अट नाही, मोठेपणीही भरता येतो. पासपोर्ट आला की सोशल सिक्युरिटी कार्यालयात जाऊन मुलांची नोंद ‘नागरिक’ अशी करून घ्या. कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज त्या नोंदीशी ताडून पाहतात.

सगळ्यात जास्त अडतं ते जन्मदाखल्यावर, आणि तेही अर्ज जर आईच्या नागरिकत्वावर असेल तेव्हा. दाखल्यावर आईचं नाव कधी माहेरचं असतं, कधी नुसतं पहिलं नाव. लग्नात नाव बदललेलं असेल तर प्रमाणपत्रावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव यांत काहीच साम्य दिसत नाही, आणि समोरच्या अमेरिकी कारकुनाला ही बाई त्या मुलाची आई आहे हे कशावरून कळावं? विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा, नाव राजपत्रात छापून बदललं असेल तर तेही. दाखला महापालिकेचा दोन्ही भाषांतला असेल तर ठीक, ग्रामपंचायतीचा फक्त मराठीत असेल तर इंग्रजी अनुवाद, अनुवादकाच्या सहीच्या निवेदनासह. दाखल्यावर बाळाचं नावच नसेल, तर ज्या कार्यालयाने जन्म नोंदवला तिथून नाव घालून नवा दाखला आताच मागवा. शपथेनंतर या कामाला लागू नका.

भारतीय बाजूने मुलांचंही काम निघतं. मुलं अमेरिकी नागरिक झाल्यावर त्यांचे भारतीय पासपोर्ट प्रवासाला वापरायचे नाहीत. ते रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय. ओसीआय हातात येईपर्यंत भारतात जायचं झालं तर अमेरिकी पासपोर्टवर व्हिसा काढून जा. वीस वर्षांच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा, आणि विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टवर कार्ड एकदा नव्याने काढायचं.

तुमच्या भाचीचं प्रकरण याहून अवघड आहे. तिच्याकडे ग्रीन कार्ड नाही, म्हणून वर सांगितलेलं काहीही तिला लागू होत नाही. १८ उलटल्यामुळे पुढे ग्रीन कार्ड मिळालं तरी स्वतःची पाच वर्षं आणि स्वतःचा अर्ज तिला चुकणार नाही. तिचा आकडा २१ आहे. त्या दिवशी एच-४ संपतो आणि वडिलांच्या ग्रीन कार्ड अर्जातून ती बाहेर पडते. भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे ते तुम्हाला माहीतच आहे : डिसेंबर २०२५ मध्येसुद्धा ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या दोन्ही वर्गांत २०१३ सालच्या तारखांचे अर्ज चालू होते. लहानपणापासून इथे वाढलेल्या, सगळे नियम पाळलेल्या मुलांना ‘डाका’ (DACA) या लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून वाचवणाऱ्या योजनेचं संरक्षणही नाही, कारण ते बेकायदा वास्तव्य असलेल्यांसाठी होतं. हा अन्याय आहे असं मला वाटतं. तो दूर करणारी विधेयकं संसदेत येतात, पण पार पडलेली नाहीत.

२००२ च्या एका कायद्याने थोडी सवलत मिळते. व्हिसा क्रमांक उपलब्ध होतो, म्हणजे रांगेत नंबर लागतो, त्या दिवशीच्या वयातून वडिलांचा आय-१४० (कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज) जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करतात. समजा तेव्हा मुलीचं वय २१ वर्षं ४ महिने आणि आय-१४० सात महिने पडून होता, तर तिचं वय २० वर्षं ९ महिने धरलं जाईल आणि ती वाचेल. तोच आय-१४० प्रीमियम फी भरून पंधरा दिवसांत मंजूर करून घेतला असेल, तर वजा करायला पंधराच दिवस मिळतात. मात्र नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत ग्रीन कार्डासाठी पाऊल उचललेलं असावं लागतं. आणि १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना यासाठी व्हिसा बुलेटिनमधला (रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या दरमहाच्या सरकारी पत्रकातला) अंतिम कारवाईचा तक्ता धरतात, आधीचा सोयीचा तक्ता नाही.

भावाला सांगा की २१ व्या वाढदिवसाच्या किमान वर्षभर आधी तिचा एफ-१ साठी स्थितीबदलाचा अर्ज टाकायची तयारी करा. विद्यार्थी व्हिसावर ती शिकेल, पुढे नोकरीचा परवाना आणि स्वतःचा एच-१बी मिळवू शकेल. पण त्याआधी एक गोष्ट विचारा, जी कंपनीचे वकील बऱ्याचदा विचारत नाहीत : वहिनींचा जन्म कुठे झाला? रांग नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर ठरते, आणि नवरा-बायको एकमेकांच्या जन्मदेशाचा आधार घेऊ शकतात. त्या कुवेतमध्ये, मस्कतमध्ये किंवा दुबईत जन्मल्या असतील, आपल्याकडे असे पुष्कळ जण आहेत, तर संपूर्ण कुटुंब भारताच्या रांगेतून बाहेर पडून इतर देशांच्या रांगेत जातं. भावाची प्राधान्य तारीख, म्हणजे रांगेत जागा धरल्याची तारीख, जुनी असेल तर त्या रांगेत त्यांचा नंबर आताच लागलेला असू शकतो. मुलीच्या जन्मदेशाचा आधार मात्र आई-वडिलांना घेता येत नाही, तिचा स्वतःचा जन्म कुठेही झालेला असो. वहिनींचा जन्मदाखला शोधायला सांगा, आणि तो बाहेरचा निघाला तर याच आठवड्यात वकिलाला फोन करा.